नकाराचं पत्र आलं, तर कोर्टाआधी हे वाचा

मागच्या हिवाळ्यात एक ताई माझ्या घरी आल्या. हातात ट्रिब्युनलचा निर्णय होता, बत्तीस पानांचा, कोपऱ्यात टाचलेला. त्यांच्या फॅमिली डे केअर कंपनीला चाइल्ड केअर सबसिडीची मान्यता द्यायला सरकारी खात्याने नकार दिला होता आणि ट्रिब्युनलने तो नकार कायम ठेवला होता. चहा गार होत होता. ताई म्हणाल्या, "आता फेडरल कोर्टात जाते. तिथे न्यायाधीशांना सगळं खरं खरं सांगते, सगळे कागद दाखवते."

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत पाळणाघरांचे आणि फॅमिली डे केअरचे हिशेब लिहिते. टार्नीट, पॉइंट कुक, विन्डम व्हेल या भागांत आपली मराठी घरं भराभर वाढली आणि त्याबरोबर घरच्या घरी मुलं सांभाळण्याचा, पुढे स्वतःची संस्था काढण्याचा विचार करणाऱ्या बायकाही वाढल्या. ताईंचं ते वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी पोटात कालवतं. कारण "सगळे कागद दाखवण्याची" जागा तोवर मागे पडलेली असते. हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. ज्यांनी अजून अर्ज भरलेला नाही त्यांनी तर तो जरूर वाचावा.

आधी ही मान्यता इतकी महत्त्वाची का, ते सांगते. चाइल्ड केअर सबसिडी २ जुलै २०१८ पासून सुरू झाली. पैसे सरकारकडून आईबापांच्या खात्यात येत नाहीत, सहसा थेट पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेकडे जातात आणि संस्थेने तेवढी रक्कम फीमधून वजा करायची असते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आज ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. समजा दिवसाची फी १३० डॉलर आहे आणि कुटुंबाला ७५ टक्के सबसिडी लागू आहे, तर खिशातून साडेबत्तीस डॉलर जातात. मान्यता नसलेल्या संस्थेत त्याच आईला पूर्ण १३० मोजावे लागतात. मग ती तुमच्याकडे कशाला येईल? कायद्याने तुमचं दार उघडं राहतं, पण आत मूल येत नाही.

इथेच पहिली गफलत होते. ऑस्ट्रेलियात परवानग्या दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या हातांत आहेत. मुलांची सुरक्षा, जागा, शिक्षकांचं प्रमाण आणि पात्रता यांची परवानगी राज्याचा नियामक 'नॅशनल लॉ'खाली देतो. सबसिडीची मान्यता केंद्राचं शिक्षण खातं 'फॅमिली असिस्टन्स लॉ'खाली देतं. राज्याची परवानगी हाती आली की लोक घर सजवतात, खेळणी मागवतात, भाड्याने जागा घेतात, पत्रकं छापतात. ताईंनीही तेच केलं होतं. केंद्राचा नकार आला तेव्हा गोदामात बारा पाळणे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले होते आणि जागेचं भाडं दर महिन्याला चालू होतं. दोन्ही मान्यता हातात येईपर्यंत मोठा खर्च करू नका, हे मी हात जोडून सांगते.

केंद्र एवढं ताणून का धरतं, अशी तक्रार आपल्या लोकांत फार आहे. "आपण स्थलांतरित म्हणून" असंही कुणी म्हणतं. मला त्यामागचा इतिहास जास्त खरा वाटतो. फॅमिली डे केअरमध्ये न आलेल्या मुलांच्या नावावर पैसे उचलल्याची प्रकरणं या देशात इतकी झाली की लोक तुरुंगात गेले. आपलं मूल दुसऱ्या एज्युकेटरच्या, म्हणजे घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या, घरी ठेवायचं, तिचं आपल्याकडे घ्यायचं आणि दोन्हीकडून सबसिडी काढायची, असा प्रकारही बोकाळला होता. म्हणून आज फॅमिली डे केअरमध्ये काम करणाऱ्या एज्युकेटरला त्याच दिवशी स्वतःच्या मुलासाठी दुसऱ्या फॅमिली डे केअरमध्ये सबसिडी मिळत नाही, काही मोजके अपवाद सोडून. त्यात २०२५ च्या जुलैत मेलबर्नमध्ये जे बाहेर आलं ते कोणत्याही आईला विसरता येणार नाही: एका चाइल्डकेअर कर्मचाऱ्यावर लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप, आणि सुमारे १२०० मुलांच्या पालकांना तपासणीचा सल्ला. त्यानंतर काही आठवड्यांतच संसदेने कायदा बदलला. सुरक्षेत आणि दर्जात कमी पडणाऱ्या संस्थांची सबसिडी तोडण्याचे अधिकार त्याने खात्याला दिले. खात्याच्या टेबलावर बसलेला माणूस तुमचा अर्ज या सगळ्या पार्श्वभूमीवर वाचतो. तो तुमचा शत्रू नाही. मुलं आणि सरकारी पैसा दोन्ही तुमच्या हवाली करायचे का, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

त्यासाठी कायद्यात 'फिट अँड प्रॉपर' असा शब्दप्रयोग आहे. आपल्या भाषेत म्हणायचं तर या कामाला लायक आणि विश्वासाला पात्र. या शब्दांचा अर्थ ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९५५ मध्ये ह्यूज अँड व्हेल या मालवाहतुकीच्या परवान्याच्या खटल्यात सांगितला, आणि तो आजही वापरात आहे: सचोटी, ज्ञान आणि क्षमता. (इथलं 'हायकोर्ट' म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय, हे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावं.) सबसिडीच्या कायद्यात हे तपासताना पाहायच्या गोष्टी दिलेल्या आहेत: आधी कुठला कायदा मोडला का, गुन्ह्याची शिक्षा झाली का, दिवाळखोरी झाली का, सरकारचं देणं थकलं आहे का, पैशांचा कारभार नीट ठेवण्याची व्यवस्था आहे का, मुलं सांभाळण्याचा आणि या कायद्याचा अनुभव किती. आणि ही कसोटी फक्त कंपनीला लागत नाही. कंपनीचं व्यवस्थापन किंवा नियंत्रण ज्याच्या हातात आहे त्या प्रत्येकाला लागते. संचालक, मॅनेजर, आणि नाव कागदावर नसलं तरी प्रत्यक्षात दोर हलवणारा माणूससुद्धा.

ताईंचं गाडं इथेच अडकलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दिरांनी डे केअरची कंपनी काढली होती. "वहिनी, नुसतं नाव लागतंय, सही करा," असं म्हणून त्यांना संचालक केलं. चौदा महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. कंपनी पुढे बुडाली, सबसिडीचे जादा घेतलेले पैसे परत करायचे राहिले. ताईंच्या अर्जात प्रश्न होता, सरकारचं देणं थकलेल्या एखाद्या कंपनीशी तुमचा संबंध होता का? त्यांनी "नाही" वर खूण केली. त्यांना मनापासून वाटत होतं की आपला संबंध नव्हता, आपण फक्त सही केली.

अर्जाबरोबर पोलीस पडताळणी, दिवाळखोरीच्या नोंदवहीतला शोध आणि एसिककडून, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून, तुमच्या नावाचा आजवरचा उतारा द्यावा लागतो. त्या उताऱ्यात तुमचं नाव कुठल्या कंपनीवर कधी चढलं आणि कधी उतरलं, ते सगळं येतं. आपल्याकडे सातबारा पाहिला की फेरफाराच्या नोंदींवरून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते उलगडतं ना, तसंच. ताईंनी स्वतः जोडलेल्या उताऱ्यातच दिरांची कंपनी होती. आणि वरच्या पानावर त्यांची "नाही" ची खूण.

खरं सांगते, जुनी कंपनी बुडाली हे त्या एका खुणेएवढं मारक नव्हतं. ती गोष्ट समजावून सांगता आली असती. लपवलं असं दिसलं की मात्र पहिल्या कसोटीलाच, सचोटीलाच, तडा जातो. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःचा उतारा स्वतः काढा, चहा घेत निवांत वाचा, आणि त्यात जे काही अवघड वाटेल ते अर्जातच, दोन पानं जोडून, स्वतःहून सांगा. कधी जोडले गेलात, काय काम केलं, काय कळलं, काय कळायला हवं होतं, बाहेर कधी पडलात. आणि नणंद, दीर, मित्र, कुणीही "फक्त नाव" मागितलं तर देऊ नका. नातं जपायचं असेल तर त्यांना तोंडावर "नाही" म्हणा. सही करून पुढे दोघांनीही अडकण्यापेक्षा ते बरं.

नोंदींबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण नकारांमध्ये आणि नंतरच्या कारवायांमध्येही हीच जागा सर्वांत कच्ची असते. एकदा एका संस्थेने मला महिनाभराचं हजेरीपत्रक दाखवलं. सहा मुलं, रोज सकाळी ८.०० ला आली, संध्याकाळी ५.०० ला गेली. एकही मूल ८.०७ ला आलं नाही, एकालाही ताप आला नाही, आणि बावीस दिवसांच्या सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. बाई अगदी प्रामाणिक होत्या, मुलं खरोखर येत होती. फक्त महिनाअखेरीला बसून त्यांनी सगळं "नीट" करून ठेवलं होतं. तपासणीला आलेला माणूस ते पत्रक पाहून काय समजेल, ते सांगायला नको. मूल आलं त्या वेळी, आणणाऱ्याने, आलं ती वेळ लिहायची. सबसिडीसाठीचा आठवड्याचा अहवाल आठवडा संपल्यापासून १४ दिवसांत गेला पाहिजे, आणि १ जुलै २०२३ पासून पालकांच्या वाट्याची गॅप फी साधारणपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घ्यावी लागते. "माझ्याकडे कॅश देतात" हे वाक्य अर्जदाराच्या तोंडून निघालं की समोरच्याला कळतं, यांनी नियम वाचलेले नाहीत. ज्ञान या दुसऱ्या कसोटीचा अर्थ एवढाच आहे.

आता नकार आलाच, असं धरू. पत्राच्या पहिल्या पानावरची तारीख पाहा, मग शेवटच्या पानावर "या निर्णयाबद्दल तुम्ही काय करू शकता" हा भाग वाचा. मधली पानं नंतर वाचा. मुदती तिथे असतात आणि त्या चुकल्या की चांगली बाजूही बाहेर राहते. आधी खात्याकडेच पुनर्विचार मागायचा असतो, तिथे दुसरा अधिकारी पाहतो. त्यानंतर ट्रिब्युनल. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आहे. त्याआधीचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल १९७६ मध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून 'एएटी' आहे.

ट्रिब्युनल ही जागा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि आपले लोक सगळ्यांत हलकी धरतात ती हीच. "कोर्ट थोडंच आहे," म्हणतात. पण ट्रिब्युनल खात्याने चूक केली का एवढंच पाहत नाही. ते खात्याच्या खुर्चीत बसून तोच निर्णय पुन्हा पहिल्यापासून घेतं. खात्याला न दाखवलेले कागद तिथे चालतात. नकारानंतर तुम्ही सुधारलेल्या गोष्टीही चालतात: २००८ मध्ये हायकोर्टाने एका मायग्रेशन एजंटच्या प्रकरणात सांगितलं की कायद्यात वेगळं काही नसेल, तर ट्रिब्युनलने आपल्या निर्णयाच्या दिवशीची परिस्थिती पाहायची. म्हणजे नकारानंतर तुम्ही अनुभवी मॅनेजर नेमली, हिशेबाची पद्धत बदलली, कायद्याचं प्रशिक्षण घेतलं, जुनं देणं हप्त्याने फेडायला लागलात, तर ते सगळं तिथे मांडता येतं. खातं आपली सगळी कागदपत्रं ट्रिब्युनलला आणि तुम्हाला देतं. तो गठ्ठा शेवटच्या पानापर्यंत वाचा. तुमच्याविरुद्ध नेमकं काय आहे ते त्यात असतं, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर आपला एक कागद किंवा एक माणूस उभा करायचा असतो.

इंग्रजी येतं म्हणून दुभाष्या नाकारू नका, हेही आवर्जून सांगते. ऑफिसातलं इंग्रजी वेगळं. तीन तास उलटतपासणीत "तुम्हाला तेव्हा माहीत होतं की नंतर कळलं?" असे प्रश्न आले की जीभ अडखळते, आणि अडखळलेली जीभ खोटी वाटू शकते. ट्रिब्युनल दुभाष्या विनामूल्य देतं, मराठी मागता येतो. अर्जातच तसं लिहा.

ताईंनी दुभाष्या मागितला नाही. वकील केला नाही. दिरांना साक्षीला बोलावलं नाही, घरात वाद नको म्हणून. ट्रिब्युनलने निर्णयात लिहिलं की त्यांच्या सांगण्याला आधार देणारा एकही समकालीन कागद नाही, त्यामुळे कंपनीच्या कारभाराबद्दल आपल्याला काही माहीत नव्हतं हे म्हणणं मान्य करता येत नाही.

मी विचारलं, कागद खरंच नव्हते का? ताई उठल्या, गाडीतून बुटांचं एक खोकं घेऊन आल्या. त्यात चार ईमेलच्या छापील प्रती होत्या. एकीत त्यांनी दिरांना लिहिलं होतं, "हिशेब दाखवा, मला काही सांगत नाही आहात." दुसरीत, "असं चालणार असेल तर माझं नाव काढा." त्याखालच्या तारखा कंपनी बुडण्याच्या कितीतरी आधीच्या. मी ते कागद हातात धरून बसले. "हे का नाही दिलं?" ताई म्हणाल्या, "कुणी मागितलंच नाही."

आणि आता कोर्ट ते पाहणार नव्हतं.

हे नीट समजून घ्या. गावाकडच्या जमिनीच्या दाव्यांचा अनुभव घरोघरी असतो, म्हणून त्याच भाषेत सांगते. दिवाणी दाव्यात पहिलं अपील केलं की वरचं कोर्ट पुरावा पुन्हा वाचतं, साक्षी पुन्हा तोलतं. दुसरं अपील मात्र उच्च न्यायालयात फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. तिथे "साक्षीदार खोटं बोलला" म्हणून भागत नाही. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट केली तरी तसंच, निर्णय पटला नाही म्हणून कोर्ट तो फिरवत नाही. निर्णय कायद्याच्या वाटेने झाला का, ते पाहतं. आपल्या डोक्यात मात्र "वरचं कोर्ट" म्हणजे पहिल्या अपिलासारखं काहीतरी बसलेलं असतं, आणि तीच समजूत घेऊन आपण इथे येतो. ट्रिब्युनलविरुद्ध फेडरल कोर्टात जायचं ते फक्त कायद्याच्या प्रश्नावर. नवे कागद, नवी साक्ष, "मी तशी नाही हो" यांना तिथे साधारणपणे जागा नाही.

मग कशाला जागा आहे? ट्रिब्युनलने चुकीची कसोटी लावली असेल. उदाहरणार्थ, थकीत देणं असलेल्या कंपनीचा संचालक कधीच पात्र ठरू शकत नाही असं धरून चाललं असेल, जिथे कायदा सगळ्या गोष्टी एकत्र तोलायला सांगतो. किंवा कायद्याने पाहायलाच हवी अशी बाब पाहिलीच नसेल, किंवा तुम्ही ठळकपणे मांडलेला, कागदासह मांडलेला मुद्दा निर्णयात कुठेच नसेल. किंवा तुमच्याविरुद्धचा एखादा महत्त्वाचा कागद तुम्हाला न दाखवता त्यावर निर्णय बेतला असेल. ऐकून घेण्याचा हा हक्क किओआ खटल्यापासून, म्हणजे १९८५ पासून, इथल्या कायद्यात पक्का आहे. किंवा एखादा निर्णायक निष्कर्ष काढायला पुरावाच नसेल. किंवा निर्णय इतका अवास्तव असेल की सारासार विचार करणाऱ्या कुणालाही तो घेता आला नसता. या शेवटच्या गोष्टीचं एक उदाहरण आपल्या लोकांना चटकन कळेल. २०१३ मध्ये हायकोर्टापुढे एका व्हिसाचं प्रकरण आलं. अर्जदार बाईंच्या स्किल्स असेसमेंटची फेरतपासणी चालू होती, तेवढा वेळ थांबा अशी त्यांनी विनंती केली. ट्रिब्युनलने न थांबता अर्ज फेटाळला. हायकोर्टाने तो नकार कायद्यात न बसणारा ठरवला. स्किल्स असेसमेंटची वाट पाहण्यात आपल्यातल्या कित्येकांचे महिने गेलेत, तेव्हा त्या बाईंची घालमेल वेगळी सांगायला नको.

पण चूक सापडली म्हणजे काम झालं असंही नाही. ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता, एवढं दिसावं लागतं. २०२४ मध्ये हायकोर्टाने हे पुन्हा स्पष्ट केलं. ही पायरी फार उंच नाही, पण आहे. उलट "माझ्यावर विश्वास ठेवला नाही", "माझ्या अनुभवाला कमी महत्त्व दिलं", "अमुक बाईंना मिळाली, मला का नाही" या तक्रारी कितीही खऱ्या असल्या तरी कायद्याच्या चुका नाहीत. विश्वास कुणावर ठेवायचा आणि कशाला किती वजन द्यायचं, हे ट्रिब्युनलचं काम आहे.

जिंकलात तर काय मिळतं, हेही आधीच माहीत असू द्या. कोर्ट मान्यता देत नाही. सहसा निर्णय रद्द करून प्रकरण ट्रिब्युनलकडे परत पाठवतं, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुनावणी होते. तोवर महिने जातात, कधी वर्षाच्या वर. मधल्या काळात "स्थगिती" मिळवू, असंही लोक म्हणतात. चालू असलेली मान्यता रद्द झाली असेल तर स्थगितीला अर्थ आहे. नकारालाच स्थगिती दिली तरी हाती मान्यता येत नाही, कारण ती कधी नव्हतीच.

आणि खर्च. कोर्टात हरलेल्या पक्षाने साधारणपणे समोरच्याचाही खर्च भरायचा असतो, आणि समोर सरकार असतं. शिवाय फेडरल कोर्टाच्या नियमांनुसार कंपनीला वकिलाशिवाय खटला चालवता येत नाही. आपल्या बहुतेक संस्था 'प्रोप्रायटरी लिमिटेड' असतात, तेव्हा "मी स्वतःच उभी राहीन" हा मार्ग सहसा बंदच. अपिलाची मुदत ट्रिब्युनलचा निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस. या २८ दिवसांत लाखमोलाचा एकच खर्च करा: प्रशासकीय कायदा जाणणाऱ्या वकिलाला निर्णय वाचायला द्या आणि विचारा, "यात कायद्याची चूक आहे का? असेल तर कोणत्या परिच्छेदात?" परिच्छेदाचा आकडा सांगता आला नाही आणि "लढून बघू" असं उत्तर आलं, तर दुसऱ्याला विचारा. पैशांची अडचण असेल तर आपल्या भागातल्या कम्युनिटी लीगल सेंटरपासून सुरुवात करा. मात्र मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून घर गहाण टाकू नका. हे मी घडताना पाहिलं आहे.

मी लोकांना कोर्टापासून अडवायला बसलेले नाही. खरी चूक असेल तर जरूर जा, ताठ मानेने जा. सरकारचा प्रत्येक निर्णय कायद्यात बसला पाहिजे आणि तो तपासायला कोर्ट आहे, ही या देशातली मोठी गोष्ट आहे. अशा प्रकरणांमुळे पुढच्या अर्जदारांची वाट रुंद होते. पण ज्या ताईंची बाजू खरी होती आणि कागद खोक्यात राहिले, त्यांना कोर्ट ते खोकं उघडून देऊ शकत नाही, आणि हे त्यांना कुणीतरी दोन वर्षं आधी सांगायला हवं होतं.

ताईंनी वकिलाला निर्णय दाखवला. त्याने दोन तास वाचून सांगितलं, कायद्याची चूक नाही. ताई माझ्या ओट्याशी उभ्या राहून रडल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं, पैसे तरी वाचले." आता त्या दुसऱ्या एका मान्यताप्राप्त संस्थेत एज्युकेटर म्हणून काम करतात. सकाळी चार लहान मुलं सांभाळतात, शाळा सुटल्यावर आणखी तीन येतात. हजेरीच्या वहीत वेळा ७.५३, ८.१२, ८.०४ अशा दिसतात. पुन्हा अर्ज कधी आणि कसा करता येईल ते त्यांनी वकिलाला विचारून ठेवलं आहे. त्या वेळी जोडायच्या कागदांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ते चार ईमेल आहेत, आणि दिरांनी, अखेर, सही करून दिलेलं एक प्रतिज्ञापत्र.

तुमचा अर्ज अजून जायचा असेल, तर या आठवड्यात एसिकचा स्वतःच्या नावाचा उतारा काढा आणि संस्थेत ज्यांची ज्यांची नावं घालणार आहात त्यांचेही मागा. कुणी द्यायला कां कूं केलं, तर त्या माणसाला घेऊन अर्ज करू नका. नकाराचं पत्र आलं असेल, तर आत्ता कॅलेंडर घ्या, पत्रातली मुदत त्यावर लिहा, आणि घरातली सगळी खोकी उघडा.